एकाच घरात चार दात, चार वेगळी फिलिंग: कुठे काय आणि का?

बोरिवली_पश्चिम (प्रश्न)

घरातल्या चौघांची दाततपासणी एकाच दवाखान्यात झाली. एक्स-रे काढून उपचारांचा कागद हातात दिला. त्यावर प्रत्येकासमोर वेगळंच काही लिहिलंय:

सासूबाई (६९, बीपी आणि डायबेटिसच्या गोळ्या चालू): दात ४३, हिरडीलगत मुळावर कीड. जीआयसी.
मी (४१): दात ३६, डीओ. कंपोझिट. शिवाय ४६ मध्ये जुनी चांदी आहे, तिच्यापुढे फक्त 'निरीक्षण'.
नवरा (४५): दात १६, एमओडी, एक टोक तुटलेलं. सिरॅमिक ऑनले.
मुलगी (७): दात ७५, दोन बाजू किडलेल्या. स्टीलची कॅप. ३६ आणि ४६ ला सीलंट.

कंपोझिट दाताच्या रंगाचं असतं, पक्कं चिकटतं, मग सगळ्यांना तेच का नाही? चांदी काढून टाकावी का? जो दात पडणारच आहे त्याला कॅप कशाला? आणि फिलिंग नीट झालंय की नाही हे आपल्याला कशावरून कळतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाईत निर्णय घ्यायचा नाहीये.

दंतकोपरा_दादर

ताई, कागद विचार करून लिहिलेला दिसतोय. आधी खुणा समजून घ्या. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुधाच्या दातांसाठी त्याच क्रमाने ५ ते ८. दुसरा आकडा म्हणजे मधल्या रेषेपासून मोजलेला दात. म्हणून ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. अक्षरं पृष्ठभागांची असतात. ओ म्हणजे चावण्याची बाजू, एम म्हणजे दाताची पुढची फट, डी म्हणजे मागची. तुमची कीड चावण्याच्या बाजूला आणि मागच्या दाताला लागून असलेल्या फटीत आहे.

सगळ्यांना एकच मटेरियल का नाही, हा या धाग्यातला खरा प्रश्न. फिलिंग निवडताना 'सर्वांत चांगलं कोणतं' असं कोणी विचारत नाही. तीन गोष्टी बघतात: ती जागा काम संपेपर्यंत कोरडी ठेवता येईल का, आजूबाजूला दात किती शिल्लक आहे आणि तिथे चावण्याचा जोर किती पडतो. या तिन्हींची उत्तरं तुमच्या घरातल्या चारही दातांत वेगळी आहेत.

आता तुमचं कंपोझिट. यात रेझिन (प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि काच-सिलिकाचे बारीक कण असतात, निळ्या दिव्याने ते कडक होतं. दाताला ते स्वतःहून चिकटत नाही, चिकटवावं लागतं, आणि यशापयश बहुतेक तिथेच ठरतं. कीड काढल्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडची जेल लावतात. इनॅमलवर (दाताचं बाहेरचं कडक आवरण) १५ ते ३० सेकंद, त्याच्या आतल्या डेंटिनवर १५ सेकंदांच्या वर नाही. जास्त वेळ ठेवली तर डेंटिन इतकं खोल पोखरलं जातं की बाँड (चिकटवणारं द्रव) तळापर्यंत पोचत नाही आणि नंतर दात थंडाला शिवशिवतो. जेल धुऊन इनॅमल वाळवायचं, डेंटिन मात्र किंचित ओलसर ठेवायचं. मग बाँडिंग १५-२० सेकंद घासून लावायचं, हळू हवा मारून त्यातलं द्रावक उडवायचं आणि दिवा मारायचा. हवा मारायला आळस केला की तिथे कच्चा थर राहतो.

त्यानंतर कंपोझिट २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला दिवा देतात. ते कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकुंचन पावतं. सगळं एकदम भरलं तर तळाला कच्चं राहतं आणि कडेला ओढ बसून फट पडते. पुढे त्या फटीत पुन्हा कीड धरते. बल्क-फिल नावाचे प्रकार एका वेळी ४ मिलिमीटरपर्यंत भरता येतात, पण त्यांनाही पुरेसा प्रकाश लागतोच. खोल कॅव्हिटीत दिव्याचं टोक तळापासून ६-७ मिलिमीटर लांब राहतं आणि तिथे पोचणारा प्रकाश बराच कमी होतो. म्हणून तळाच्या थराला जास्त वेळ द्यावा लागतो.

तुमच्या डीओमध्ये अवघड जागा म्हणजे दोन दातांमधला स्पर्श. दाताभोवती पातळ धातूची वळणदार पट्टी, खाली हिरडीशी घट्ट बसणारं वेज (छोटी पाचर) आणि वरून दात किंचित दूर करणारी रिंग, असा तिहेरी बंदोबस्त करतात. वेज ढिलं राहिलं तर कंपोझिट हिरडीखाली ओघळून कडा बाहेर येते. पट्टी सपाट असेल तर स्पर्श सैल राहतो आणि जेवताना पोह्याचा दाणा किंवा मेथीचं पान रोज तिथेच अडकतं. पट्टी काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूनेही दिवा मारायला हवा, कारण धातूच्या आड तिथे प्रकाश पोचलेला नसतो.

एक गोष्ट आधीच विचारा: 'रबर डॅम लावणार का?' रबराचा हा पातळ पडदा एकच दात बाहेर ठेवतो आणि थुंकी लांब ठेवतो. मागच्या दाढेच्या फटीत कंपोझिट करायचं असेल तर मी याबाबत तडजोड करणार नाही. बाँडिंग लावायच्या वेळी थुंकीचा एक थेंब लागला तरी ती जागा पुन्हा धुऊन, पुन्हा एच करावी लागते, म्हणजे अ‍ॅसिडची जेल पुन्हा लावावी लागते.

पावडर_लिक्विड

दादरच्या डॉक्टरांनी कंपोझिटचं सगळं सांगितलंय. मी सासूबाईंच्या दाताबद्दल लिहितो, कारण जीआयसीला लोक उगाच स्वस्तातलं समजतात.

ग्लास आयनोमर सिमेंट, म्हणजेच जीआयसी, विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत शोधलं, त्याची माहिती १९७२ साली प्रसिद्ध झाली. त्यात फ्लोराइडयुक्त काचेची भुकटी आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड असतं. दातातल्या कॅल्शियमशी ते रासायनिक बंध जोडतं, म्हणजे त्याला वेगळं बाँडिंग लागत नाही. थोडं ओलसर असलं तरी चालतं आणि त्यातून फ्लोराइड पाझरत राहतं. हिरडीलगत मुळावर या तिन्ही गोष्टी हव्याच असतात. तिथे इनॅमल जवळजवळ नसतं, म्हणजे कंपोझिटचा सर्वांत भरवशाचा आधारच गायब. शिवाय हिरडीतून सतत ओल येते.

वय वाढल्यावर मुळावर कीड का लागते हेही बघा. बीपीच्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आम्ल धुऊन नेणारी लाळ कमी होते. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ पर्यंत खाली यावा लागतो. मुळाचा भाग ६ च्या वरच विरघळायला लागतो. फिलिंग करूनही चहा-बिस्किटांचं चक्र दिवसभर चालू राहिलं तर त्याच्या कडेला पुन्हा कीड धरेल.

आता हे बिघडतं कुठे? पहिलं, प्रमाण. बहुतेक ब्रँडमध्ये एक सपाट चमचा पावडरला एक थेंब लिक्विड असतं, पण कंपनीने जे प्रमाण दिलंय तेच पाळायचं. बाटली उभी उलटी धरून थेंब सोडायचा, बुडबुडा असलेला थेंब टाकून द्यायचा. भरायला सोपं जावं म्हणून पातळ कालवलं की ते कमजोर होतं आणि लवकर झिजतं. दुसरं, चकाकी. कालवलेलं सिमेंट चमकत असतानाच भरायला हवं. ते मंद झालं म्हणजे दाताला धरणारे मोकळे आम्लगट संपले. तेव्हा भरलं तर दिसायला ठीक दिसतं आणि काही दिवसांत निखळून येतं. तिसरं, पहिले २४ तास. सुरुवातीला पाणी लागलं तर वरचा थर विरघळतो आणि कोरडं पडलं तर तडे जातात. त्यासाठी वर वार्निश, रेझिनचा कोट किंवा निदान व्हॅसलीन लावलंच पाहिजे.

मुंबईच्या हवेत आणखी एक अडचण. काचेच्या स्लॅबवर कालवणारे तो थंड करून घेतात, कामाला वेळ जास्त मिळतो म्हणून. पण पावसाळ्याच्या दमट दिवसांत फार थंड केलेल्या स्लॅबवर दव धरतं आणि ते पाणी थेट सिमेंटमध्ये जातं. पावडरची बाटली उघडी राहिली तर तीही ओल धरते. आता कॅप्सूलमध्ये मोजून बंद केलेलं जीआयसी मिळतं, त्यात या दोन्ही भानगडी नाहीत.

सासूबाईंचं तोंड फारच कोरडं असेल तर डॉक्टरांना रेझिन-मिश्रित जीआयसीबद्दल विचारा. त्यावर दिवा मारतात, ते कोरडेपणात कमी तडकतं आणि रंगही बरा दिसतो. आणि दवाखान्यात फ्लोराइड लावणार असतील तर आम्लयुक्त एपीएफ जेल नको, न्यूट्रल हवं. एपीएफने जीआयसीचा आणि सिरॅमिकचा पृष्ठभाग खरबरीत होतो.

बोरिवली_पश्चिम

खूप खूप आभार. म्हणजे जीआयसी सासूबाईंच्या दातासाठी विचार करूनच निवडलंय. चांदीबद्दल मात्र घरात मतभेद आहेत. नवऱ्याचं म्हणणं, पारा आहे तर काढून टाका. माझ्या ४६ ला काहीच त्रास नाही.

दंतकोपरा_दादर

पारा आहे हे खरं. डेंटल अमाल्गममध्ये, म्हणजे याच चांदीत, वजनाने साधारण निम्मा पारा असतो, उरलेलं चांदी, कथील आणि तांबं. पण कडक झाल्यावर तो मिश्रधातूत बांधला जातो आणि चावताना त्यातून बाहेर पडणारी वाफ फार थोडी असते. उलट सर्वांत जास्त वाफ भरताना आणि ड्रिलने काढताना निघते. म्हणजे चांगली बसलेली चांदी भीतीपोटी काढली तर नको असलेली वाफ आपणच ओढवून घेतो, आणि काढताना दाताचा निरोगी भागही थोडा जातोच. अमेरिकेच्या एफडीएनेही (औषध नियामक संस्था) २०२० मध्ये हेच सांगितलं: गर्भवती, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण अशांना नवीन अमाल्गम शक्यतो टाळा, पण सुस्थितीतली जुनी फिलिंग वैद्यकीय कारणाशिवाय काढू नका.

अमाल्गम मागे पडतंय त्याचं मुख्य कारण पर्यावरण आहे. पाऱ्याच्या प्रदूषणावरचा मिनामाता करार २०१३ चा, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, अमाल्गमचा वापर बंद केलाय.

'निरीक्षण' म्हणजे काय बघायचं? कडेला प्रोबचं (तपासणीच्या टोकदार सळीचं) टोक अडकतं का, फिलिंगला किंवा त्याशेजारच्या भिंतीला भेग गेलीय का, एक्स-रेमध्ये खाली काळी सावली दिसते का. कडक पदार्थ चावून दात सोडताना झटकन कळ येत असेल तर भेगेचा संशय घ्यावा. नुसता काळपट रंग हे काढण्याचं कारण नाही. काढायची वेळ आलीच तर रबर डॅम, भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन हवं, आणि फिलिंग घासून पूड न करता तुकडे पाडून उचलायला हवं.

पावडर_लिक्विड

थोडी भर. अमाल्गमला सगळेच वाईट म्हणतात म्हणून सांगतो, थुंकी आवरत नाही अशा खोल मागच्या दाढेत ते कंपोझिटपेक्षा जास्त क्षमाशील आहे. काळानुसार त्याच्या कडेला गंजाचे क्षार साचतात आणि फट आपोआप बुजते. त्याची खरी उणीव वेगळी. ते दाताला चिकटत नाही, म्हणून धरून राहायला दीड-दोन मिलिमीटर खोली आणि आत रुंद होत जाणारा आकार कोरावा लागतो, म्हणजे चांगला दात जास्त जातो.

दुधाचेदात

मुलीच्या ७५ बद्दल. ही दुसरी दुधाची दाढ साधारण १० ते १२ वर्षांच्या दरम्यान पडते. मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे तिला अजून तीन ते पाच वर्षं चावायचं आहे. शिवाय ही दाढ आधीच गेली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खाली वाट बघणाऱ्या दाताची जागा अडते. 'पडणारच आहे' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

दुधाच्या दाढेचं इनॅमल पातळ असतं आणि आतली नस वरच्या अंगाला असते. दोन बाजू किडल्या की भिंती इतक्या बारीक उरतात की जीआयसीची कड चावताना तुटते. एकाच बाजूची लहान कीड असती तर घट्ट कालवलेलं जीआयसी पुरलं असतं. दोन बाजूंसाठी स्टीलची तयार कॅप सर्वांत टिकाऊ, आणि दात पडताना ती त्याच्याबरोबरच पडते. हॉल पद्धतीत तर भूल नाही, ड्रिल नाही. शेजारच्या दातांच्या मध्ये रबराच्या छोट्या रिंगा काही दिवस घालून जागा करतात आणि कॅप जीआयसीने थेट बसवतात. कीड आतच बंद होते, तिला साखर मिळत नाही आणि ती वाढायची थांबते. कॅप बसवल्यावर चावा उंच लागतो, तो काही आठवड्यांत आपोआप जुळतो. पण ही पद्धत नस निरोगी असेल तरच. रात्री ठणका लागत असेल, हिरडीवर पुटकुळी असेल किंवा एक्स-रेमध्ये मुळाशी सावली असेल तर नाही.

तिच्या ३६ आणि ४६ या सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढा. अनेक पालक त्यांना दुधाच्याच समजतात. त्यांच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत, म्हणून सीलंट. ते फिलिंग नाही, ड्रिल लागत नाही: स्वच्छ करणं, एच, धुणं, वाळवणं, पातळ रेझिन सोडणं, दिवा. दाढेच्या मागच्या भागावर हिरडीचा पडदा अजून असेल तर तिथे कोरडं राहत नाही, तेव्हा आत्ता जीआयसीचं सीलंट करून नंतर रेझिनचं करता येतं. दर सहा महिन्यांनी सीलंट तपासून घ्या, अर्धवट सुटलेल्याच्या खाली कीड लपते.

फक्त कीड थांबवायची असेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडही आहे. ब्रशने लावतात, काम पटकन होतं. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आईवडिलांना आधी सांगूनच लावायचं असतं. खड्डा भरत नाही, अन्न अडकतच राहतं. ७५ साठी मी कॅपच घेईन.

लॅबवाला_लालबाग

ऑनलेबद्दल कोणी लिहिलं नाही. १६ मध्ये एमओडी म्हणजे पुढची फट, चावण्याची बाजू आणि मागची फट, तिन्ही गेलंय. उरलेल्या भिंती सुट्या उभ्या राहतात आणि चावताना बाहेर ढकलल्या जातात. एक टोक तर तुटलेलंच आहे. अशा ठिकाणी आत नुसतं भरून भागत नाही, टोकांवरून झाकावं लागतं. लॅबमध्ये बनवून दाताला चिकटवलेला असा तुकडा म्हणजे ऑनले. भिंत २ मिलिमीटरपेक्षा पातळ उरली असेल तर ती झाकण्याचा विचार करतात.

दोन खेपा लागतात. पहिल्या खेपेत कीड काढणं, आकार देणं, माप किंवा स्कॅन आणि तात्पुरतं फिलिंग. इथे एक काळजी: तात्पुरतं सिमेंट युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातल्या घटकाचं नसावं. युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही आणि पुढच्या खेपेचं चिकटवणं बिघडतं. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकला टोकांवर निदान दीड मिलिमीटर जाडी द्यावी. डॉक्टरांनी जागा कमी ठेवली की लॅबमध्ये तुकडा पातळ होतो आणि तो पुढे चिरतो. बसवताना त्याची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने एच करून सायलेन हे जोडणारं द्रव लावतात आणि रेझिन सिमेंटने चिकटवतात. झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकला हे अ‍ॅसिड उपयोगाचं नाही, त्याला सँडब्लास्ट आणि वेगळा प्रायमर लागतो. दोन खेपांच्या मधल्या दिवसांत त्या बाजूने चिक्की, चिकट लाडू टाळा. तात्पुरतं फिलिंग निघून दात उघडा राहिला तर शेजारचे दात थोडे सरकतात आणि तयार तुकडा बसत नाही.

खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. फिलिंगसाठी 'कॉन्झर्व्हेटिव्ह' विभाग, मुलांसाठी 'पेडो'. खेपा जास्त पडतात आणि वेळ लागतो, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं. सकाळी लवकर केसपेपर काढा.

बोरिवली_पश्चिम

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एकच. काम झाल्यावर घरी काय तपासायचं आणि किती दुखणं साधारण समजायचं?

दंतकोपरा_दादर

खुर्चीतून उठायच्या आधी तीन गोष्टी करा. निळ्या-लाल कागदावर चावताना नुसतं टक-टक न करता जबडा डावीउजवीकडेही घासा, कारण उंच ठिपका पुष्कळदा तिथेच सापडतो. भूल असते तेव्हा अंदाज चुकतो, म्हणून डॉक्टरांना ठिपके दाखवायला सांगा. मग फटीतून फ्लॉस घालून बघा: किंचित अडकून 'टक' करून आत जायला हवा आणि बाहेर येताना त्याचे धागे सुटायला नकोत. सैल गेला तर स्पर्श सैल आहे, फाटला तर कड बाहेर आलीय. दोन्ही त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

खालच्या दाढेची भूल दोन-तीन तास, कधी त्याहून जास्तही राहते. तोवर काही चावू नका. मुलीला भूल दिलीच तर ओठ चावत बसत नाहीये ना ते बघा. कंपोझिटवर लगेच जेवता येतं, पण पहिले एक-दोन दिवस हळदीचा गडद रस्सा आणि सारखा चहा कमी ठेवला तर बरं. जीआयसीच्या बाजूने २४ तास चावायचं नाही आणि लिंबू, कोकम, चिंच असं आंबट तर नकोच.

गार पाण्याला काही सेकंद कळ येऊन थांबत असेल आणि दिवसागणिक कमी होत असेल तर दोन-तीन आठवडे वाट बघायला हरकत नाही. फक्त चावतानाच दुखत असेल तर बहुधा फिलिंग उंच आहे. ते काही मिनिटांत घासून बसतं, पण 'बसेल आपोआप' म्हणून आठवडे काढले तर मुळाभोवतीचा भाग सुजतो. गरम पदार्थाने ठणका लागून तो मिनिटभराच्या पुढे रेंगाळत असेल, काही न खाता दुखत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर नसेला सूज आलीय. तेव्हा फिलिंग बदलून उपयोग नाही, दोन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा आणि रूट कॅनालची शक्यता धरूनच जा. तुमच्या ३६ च्या एक्स-रेमध्ये कीड नसेपासून किती लांब आहे हे काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.